गुलाबपाण्यात धुतलेली बोटं

शांती नगर, मीरा रोड
९ जानेवारी २०२५

चि. पिंकीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे सगळे ठीक आहोत. तूही तिकडे ठीकच असशील, असं धरून चालते. दुसरं करणार काय? तुझा फोन बंद. मेसेजला एकच टिक. सुलूआत्याला फोन लावला की ती म्हणते, "पिंकी कारखान्यात गेलीय गो." सकाळी लावला तरी कारखान्यात, रविवारी लावला तरी कारखान्यात. काजूचा कारखाना रविवारीही चालतो हे मला नव्यानेच कळलं.

म्हणून पत्र. तसं आणखी एक कारण आहे. मिनल मॅडम म्हणजे माझ्या हाताची थेरपी करतात त्या. त्यांनी हुकूम काढलाय की रोज उजव्या हाताने कागदभर लिहायचं. नाहीतर देवाचं नाव लिहा म्हणाल्या. देवाला कळवण्यासारखं माझ्याकडे सध्या चांगलं काही नाही, म्हणून तुला लिहितेय. पेनाला तुझ्या भाऊजींच्या जुन्या पंच्याची पट्टी गुंडाळून ते मुसळाएवढं जाड केलंय. तेव्हा अक्षर बघून हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा, निदान कोणीतरी हसेल.

पार्लरच्या शटरची गोष्ट मी काढणार नाही. शटरच्या पट्टीखाली माझी दोन बोटं आली, तर्जनी आणि मधलं, तुटली, डॉक्टरांनी जोडली, विषय संपला. दिवाळीच्या तोंडावर झालं एवढंच वाईट. बोटं जाग्यावर आहेत. नखंसुद्धा वाढतायत, बघ. थंडीत तेवढी ठणकतात. मीरा रोडची थंडी ती काय, पंखा एकवर ठेवला की झाली, पण ह्या दोन महाराण्यांना तीही सोसत नाही. लोकरीची टोपी घालून बसतात. बाकी जाणीव येतेय. छान येतेय.

चहाचं मात्र तुला सांगायलाच हवं. ऑपरेशननंतर चहा बंद केला होता. चहा, कॉफी, चॉकलेट, सगळं. शिरा आखडतात म्हणे. आणि तुझे भाऊजी माझ्यासमोर पलंगावर बसून बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायचे. हात धड असता तर ती बशी मी त्यांच्या डोक्यावर पालथी केली असती.

पार्लर बंदच आहे. सिल्व्हर पार्कच्या गुप्ता आंटी परवा रस्त्यात भेटल्या. भुवयांकडे बोट दाखवून म्हणतात, "देखो ना ममता, दूसरी जगह गई तो मेरा क्या हाल कर दिया! पिंकी को बुलाओ ना गाँव से." मी म्हटलं, बुलाती हूँ. आता बोलावतेय. वॅक्सच्या हीटरचं झाकण कुठे ठेवलंस तेही कळव, मला सापडत नाही.

आत्या म्हणाली, तू ग्रामदेवीसमोर शपथ घेतलीस की पुन्हा भुवयांचा दोरा हातात धरणार नाही. वा! बोटं माझी तुटली आणि शपथ तू घेतलीस. अगं, ज्या पोरीने शिकताना माझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माझी डावी भुवई निम्मी उडवली, तिने तेव्हा नाही शपथ घेतली. फोटोत मी अजून एका बाजूने चकित झालेली दिसते. सासूबाईंनी त्या फोटोला फ्रेम केली ती केलीच. तेव्हा म्हणाली होतीस, "ताई, शिकायचं तर घरच्याच भुवयांवर ना? परक्यांच्या कशा बिघडवू?" तो न्याय आता कुठे गेला?

तुझ्यावर माझा राग नाही. आत्याला सांगितलंय, भाऊजींना सांगितलंय, तुलाही सांगते. राग नाही.

आत्याला नमस्कार.

तुझी
ताई

•

शांती नगर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. पिंकीस, आशीर्वाद.

काजू मिळाले. चांगले आहेत, अख्खे आहेत, एकही तुकडा नाही. पिशवी मी तीनदा उलटी करून झटकली, आत चिठ्ठी नव्हती. भाऊजी म्हणाले, "काजू पाठवलेत म्हणजे उत्तरच ना ते." माणूस एवढा समजूतदार असला की त्याच्याशी भांडताही येत नाही.

आत्याने फोनवर एक सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. तू कारखान्यात काजू फोडताना हातमोजे घालत नाहीस. टरफलातल्या तेलाने बोटांची सालं निघालीत, टोकं काळी पडलीत, आणि बोललं की म्हणतेस, असू दे. कसलं असू दे? पिंकी, तुझ्या तर्जनीच्या टोकाला कळायचं की केस दोऱ्यात आला की नाही. गिऱ्हाईक डोळ्यांत पाणी येण्याआधी मोकळं व्हायचं. तसं मला कधी जमलं नाही, मी डोळ्यांनी बघून काम करायची. आणि ते बोट तू काजूच्या तेलात जाळतेयस! एका घरात एकीची बोटं गेली ती पुरे नाहीत का? मोजे घाल. घालत नसशील तर मी तिकडे येऊन घालीन, आणि मग गावभर तमाशा होईल.

आता माझं. मागच्या पत्रात मी लिहिलं की जाणीव छान येतेय. तसं काही नाही.

मिनल मॅडमकडे तांदळाचा एक डबा आहे. त्यात किल्ली, गोटी, बटण, केसांची पिन असं काय काय पुरून ठेवतात. डोळे मिटायचे, हात घालायचा आणि हाताला लागलं ते ओळखायचं. मी पहिल्या दिवसापासून सगळं ओळखत होते. भाऊजी तर घरी येऊन शेजाऱ्यांना सांगायचे, आमच्या हिला सगळं कळतं. एके दिवशी मॅडमनी माझ्या अंगठ्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाल्या, "आता सांगा." मला तांदूळसुद्धा कळेनात. सगळी चोरी अंगठ्याची होती. मॅडम रागावल्या नाहीत, त्याचाच जास्त राग आला. म्हणाल्या, "ममताताई, मला फसवून बोटं काही शिकणार नाहीत."

तरी घरी मी कोणाला बोलले नाही. मग गेल्या मंगळवारी चपात्या करत होते. जळल्याचा वास आला. मला वाटलं चपाती लागली, म्हणून मी तिला उलटायला गेले. भाऊजी आतून ओरडत आले, "अगं हात, हात!" तर्जनीचं टोक तव्याला टेकलेलं होतं आणि मी चपातीकडे बघत उभी. फोड आला. दुखलाही नाही. तो फोड बघून मला जे रडू आलं ना, तसं तर तुटली तेव्हाही आलं नव्हतं.

आता चिमट्याने चपात्या करते. मॅडम रोज कापूस, लोकर, पॉलिश पेपर असं सगळं त्या बोटांवर घासायला लावतात. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. मग एका काडीने नसेवर टकटक करत पुढे जातात आणि विचारतात, करंट कुठपर्यंत गेला? नस म्हणे आतून वाढत येते, फार सावकाश, मुंगीला लाज वाटेल अशी. टोकापर्यंत पोचली तर पोचली. नाही पोचली तर काय, ते विचारलं की त्या काडी ठेवून माझ्यासाठी पाणी आणायला जातात.

पोचली नाही तर दोरा धरता येणार नाही, एवढं मलाही कळतं. दोरा धरलाय की सुटलाय हेच कळलं नाही तर गिऱ्हाइकाची कातडी निघेल. म्हणजे पार्लर विकायचं. भाऊजी तसं बोलत नाहीत, पण परवा दलालाशी फोनवर हळू आवाजात बोलत होते. मी विचारलं तर म्हणाले, भावाच्या घराचं चाललंय. त्यांना भाऊ नाही.

हे सगळं तुला सांगायचं नव्हतं. मोजे घाल.

तुझी
ताई

•

शांती नगर
६ एप्रिल २०२५

पिंकी,

आशीर्वाद वगैरे आहेतच. ह्या वेळी नमनाला घडाभर तेल नको.

माझं पत्र वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस असं आत्या म्हणाली. माझा फोड बरा होऊन गेला आणि तू तिकडे उपास करतेयस! आत्या बिचारी तुझ्यापुढे ताट घेऊन फिरते. तिच्या वयाचा तरी विचार कर. जेव. मला अपराध्यासारखे उपास पाठवू नकोस, त्यापेक्षा काजू बरे.

काल खाली सरूबाई भेटली. पेणकरपाड्याची, आपल्या पार्लरसमोर सुकट घेऊन बसते ती. माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "अगो, रडतंस कशाला? माज्या भावाचा बोट पत्र्याच्या कारखान्यात गेला, तो सापडलाच न्हाय. तुजी बहीन बघ. मानसां बोंबलत उभी, आन ती रस्त्यावर वाकून दोनी बोटां शोधत व्हती. मी बघितलंय ना."

मला हे माहीत होतं. पण कोणी असं तोंडावर बोललं नव्हतं, आणि मी तर नाहीच.

तर आता त्या संध्याकाळचं. मी चक्कर येऊन सरूबाईच्या टोपलीला टेकून बसले होते, पण मला दिसत होतं. तू बोटं उचललीस. पार्लरमध्ये पळालीस आणि बाहेर आलीस ती गुलाबपाण्याची बाटली घेऊन. पिंकी, तुटलेली बोटं गुलाबपाण्याने धुवायचं कोणाच्या डोक्यात येईल गं? आपल्याच. थ्रेडिंग झालं, चेहरा लाल झाला, मार गुलाबपाणी. चटका बसला, गुलाबपाणी. हात आपोआप तिकडेच जातो. मग कापसात गुंडाळलीस, कानातले ठेवायच्या चेनच्या पिशवीत घातलीस, आणि ज्यूसवाल्याला शिव्या घालत त्याच्याकडून बर्फ घेतलास. हॉस्पिटलला जाताना दहिसरच्या ट्रॅफिकमध्ये ती पिशवी मांडीवर धरून तू ड्रायव्हरवर एवढी ओरडलीस की तो शेवटी फुटपाथवरून गाडी घालू लागला.

डॉक्टर मला नंतर म्हणाले, "आत लग्नघरासारखा वास सुटला होता. माझ्या इतक्या वर्षांत असं कधी नाही झालं." मला वाटलं आता ओरडणार. थोडे ओरडलेही, नुसत्या ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायची असतात म्हणाले, अत्तरं-बित्तरं नकोत. मग विचारलं, कोणी आणली? मी म्हटलं, बहिणीने. ते म्हणाले, "लोक थेट बर्फात टाकतात आणि बोट मरतं. तुमच्या बहिणीने पिशवीत घालून मग बर्फावर ठेवलं. म्हणून माझ्या हाताला काम उरलं." म्हणजे काय, ते तुला समजतंय ना? ती पट्टी सरळ कापत गेली, बोटं चेचली नाहीत, हे नशीब. पण बाकी सगळं तुझं.

हे तुला कोणीच सांगितलं नाही. सांगणार कोणाला? मी शुद्धीवर आले, डोळे उघडले, तर बाजूला भाऊजी. मी पहिला शब्द बोलले तो "पिंकी". भाऊजींनी मान खाली घातली. तू गावच्या गाडीत बसली होतीस.

आता ऐक, कारण हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. राग नाही, राग नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय. राग आहे. खूप आहे. पण शटरचा नाही. शटर आपण रोज तसंच बंद करायचो, तू वरून ओढायचीस, मी खाली खटका धरायची. त्या दिवशी ते वरूनच निसटून धाडकन खाली आलं. पट्टी उचकटून पात्यासारखी झालीय हे दोघींनाही दिसत होतं, आणि दोघी एकमेकींना सांगत होतो, अगं मेस्त्रीला फोन कर. त्यात तू काय आणि मी काय.

राग ह्याचा आहे की तू थांबली नाहीस. माझं बँडेज सोडलं तेव्हा मला बोटांकडे बघायची हिंमत होत नव्हती. मला तू हवी होतीस. दुसरं कोणी नको होतं. तू माझा हात बघून काहीतरी वेडंवाकडं बोलली असतीस आणि मला हसू आलं असतं. त्याऐवजी नर्स म्हणाली, "काकू, बघा ना, किती छान." मला काकू म्हणाली, पिंकी.

बस. हात दुखायला लागला.

तुझी
ताई

•

शांती नगर
१८ मे २०२५

चि. पिंकीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र मिळालं. एका ओळीला पत्र म्हणायचं असेल तर. "ताई, माझ्याने त्या शटरकडे बघवणार नाही." खाली नाव नाही, तारीख नाही. एवढ्या दिवसांनी एक ओळ, तीही शटरवर! माझी चौकशी नाही, भाऊजींची नाही. पण अक्षर तुझं होतं, आणि कागदाला काजूच्या तेलाचा वास नव्हता, म्हणजे मोजे घालायला लागलीस. मी ते पत्र देवघरात ठेवलंय. भाऊजी हसले तर हसू देत.

आता बातमी. नीट बसून वाच.

दलाल पार्लर बघायला येणार होता. भाऊजींनी अखेर कबूल केलं आणि मीही बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? फक्त परक्या माणसासमोर जळमटं नकोत, म्हणून मी झाडायला गेले. शटर भाऊजींनी उघडलं. मी पाठ करून उभी राहिले, खोटं कशाला सांगू? आत तुझ्या खुर्चीवर टॉवेल तसाच होता. हीटरचं झाकणही सापडलं. कॅलेंडरच्या मागे! झाकण ठेवायची ती जागा आहे का?

मी खाली बसून कोपऱ्यातले केस हाताने गोळा करत होते. आणि एकदम असं टोचलं म्हणून सांगू! थेट डोक्यात गेलं. मी "आई गं" करून ओरडले. भाऊजींच्या हातातली बादली पडली. आपल्याला नेहमी व्हायचं तेच, कापलेला बारीक केस बोटात घुसला होता, कुसळासारखा. मधल्या बोटाच्या टोकाला चांगलीच कळ येत होती.

मी प्लकर घेतला, भाऊजींनी मोबाइलचा टॉर्च धरला आणि आम्ही मधलं बोट शोधायला लागलो. काही नाही. पुन्हा शोधलं. काही नाही. कळ तर चालूच. भाऊजी म्हणाले, "तुला भास होतोय." मी म्हटलं, "तुमच्या बोटात घालू का भास?" चांगलं जुंपलं आमचं. तेवढ्यात त्यांचा टॉर्च हलला आणि दिसलं. केस तर्जनीत होता! टोचत होतं तर्जनीला आणि ओरडत होतं मधलं बोट.

मी तशीच मिनल मॅडमना फोन केला. त्या फोनवर एवढ्या आनंदाने ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. म्हणाल्या, नस टोकाला पोचली. फक्त डोक्याला अजून पत्ता कळला नाहीये, तर्जनीचं टपाल मधल्या बोटाच्या घरी पडतंय. शिकवलं की शिकेल. मी विचारलं, दोरा धरता येईल का? ह्या वेळी त्या पाणी आणायला गेल्या नाहीत. म्हणाल्या, "वेळ लागेल, पूर्वीसारखं कदाचित नाही होणार, पण प्रयत्न करा. सुरुवात मात्र घरच्या माणसावर करा."

मी केस काढलाच नाही लगेच. खुर्चीत बसून मुद्दाम दाबत राहिले आणि रडत राहिले. दुखतंय म्हणून एवढा आनंद होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दलालाला भाऊजींनी बाहेरूनच परत पाठवलं. सरूबाईला सांगितलं तर म्हणते, "मंग आता भवया कधी करतंस माज्या?" मी म्हटलं, थांब, तुझा नंबर दुसरा.

पहिला तुझा आहे.

भुवया वाढव, पिंकी. गावात कोणाला हात लावू देऊ नकोस. जंगल होऊ दे, लोक हसू देत. आणि ये. तुझ्याच खुर्चीत तुला बसवीन आणि कातडी ताणून धरायला लावीन. माझ्या बोटांना तर्जनी कुठली आणि मधली कुठली हे अजून कळत नाही, तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. बहुतेक डावी निम्मी उडेल. उडाली तर उडाली. मी त्या भुवईने साखरपुडा निभावला, तू मीरा रोडमध्ये आठ-पंधरा दिवस निभाव. परक्यांच्या कशा बिघडवू? शिकायचं तर घरच्याच भुवयांवर.

तुझ्या शपथेचं मी बघितलंय. दोरा हातात धरणार नाहीस अशी शपथ आहे ना? मग तू नको धरूस, मी धरते. तू नुसती बस. आणि दोरा सुटतोय की धरलाय हे मला कळलं नाही, तर तुला कळेल. तू सांग, मी ऐकीन. पुढचं देवीला मी बघून घेईन. खण-नारळ घेऊन मी स्वतः येते, काय बोलायचं ते ती मला बोलू दे.

राहिलं शटर. पट्टी नवीन बसवलीय, मेस्त्रीला शेवटी मीच फोन केला. संध्याकाळी तू वरून ओढायचंस, नेहमीसारखं. तुला बघवत नसेल तर डोळे मीट, पण ओढायचंस तूच. खालचा खटका मी धरणार.

ह्याच हाताने.

तुझी
ताई